पावसाळ्याआधी घरी प्यायचं पाणी साठवायचंय, कॅन घेऊ की पिंप? (कोल्हापूर)

कोथरूडात_कोल्हापुरी

नमस्कार मंडळी. मी नोकरीला पुण्यात, घर कोल्हापूरला राजारामपुरीत, घरी आई-बाबा आणि आजी (वय ८१). आमच्या गल्लीत पुराचं पाणी येत नाही, २०१९ ला पण आलं नव्हतं, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही निवांत की आपल्याला काय होतंय, आणि मग बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर सगळे उपसा पंप पाण्याखाली गेले आणि शहराचे नळच बंद. पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि आमच्या घरात प्यायला एक घागर शिल्लक. हायवे शिरोलीजवळ बंद म्हणजे मला जाता येईना, बाबा मणक्याचा पट्टा लावून टँकरच्या लाइनीत उभे आणि मी इथून फोनवर "काळजी घ्या, काळजी घ्या" करतोय. २०२१ च्या जुलैत परत तेच.

यंदा मे महिन्यातच सोय करून ठेवायची ठरवलंय पण कशात साठवायचं यावरून घरात चार माणसांची पाच मतं आहेत. बाबांचा एक मित्र एमआयडीसीतून २०० लिटरचा निळा ड्रम स्वस्तात देतोय, बाबांच्या मते एकदा भरला की महिनाभर बघायला नको. आई म्हणते प्लास्टिक नकोच, स्टीलचं पिंप घे. बहिणीने ऑनलाइन घडीची पिशवी बघितलीय, पाणी भरलं की फुगते आणि रिकामी झाली की गुंडाळून ठेवायची. मला वाटतं लग्नात असतात तसले २० लिटरचे पाण्याचे जार आणावेत. आजी म्हणते तांब्याचा हंडा माळ्यावर पडलाय तो खाली काढा आणि गप बसा.

नक्की काय घ्यावं आणि किती घ्यावं? कुणी खरंच वापरलेलं असेल तर सांगा. गुगल बघून झालंय, तिथे सगळं अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांसाठी लिहिलेलं असतं.

तांबडा_पांढरा

भावा ड्रमचा नाद सोड. मी दुधाळीत राहतो, आमच्याकडे दोन्ही वेळेला घरात पाणी शिरलंय, तर अनुभवाचं सांगतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, एकदा भरला की तो ड्रम तिथनं हलत नाही, तुझा बाप आणि माझा बाप दोघं आले तरी हलत नाही. खालच्या मजल्यावर ठेवलास आणि पाणी चढलं तर तो तिथंच बुडणार. वर ठेवलास तर भरायचा कसा, बादल्या घेऊन जिना चढायचा का मणक्याचा पट्टा लावून? आणि समजा झाकण नीट बसलं नव्हतं, आत पाल पडली, तर २०० च्या २०० लिटर वाया.

आधी हे ठरव की तू तिथं नसताना ते भांडं उचलणार कोण. तुझ्या घरी उत्तर आहे आई. मग २० लिटरचा जार पण बाद, भरलेला जार उचलून बघ एकदा, त्याला धरायला काही नसतं आणि ओला असला की सटकतो. १० लिटरचे कॅन घे, वर कडी असलेले. दोन हातात दोन घेऊन बाई माणूस जिना चढू शकतं, तोल पण राहतो.

हिशोब: प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ४ लिटर धर. तीन माणसं, सात दिवस, ८४ लिटर. म्हणजे ८ कॅन आणि वर दोन-चार बाटल्या. आमच्याकडे दीडशे-दोनशेच्या घरात पडला एक, भांड्याच्या बाजारात जाऊन विचार, ऑनलाइन कुरिअरसकट महाग पडतो.

सांडायचं, धुवायचं, संडासचं पाणी वेगळं. त्याला तो ड्रम चालेल की, पावसाचं पागोळीचं पाणी धर त्याच्यात. पावसाळ्यातच पूर येतोय, तेवढा एक फायदा.

उगाच_काहीतरी

आता काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली ना २०२३ ला? पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला धरणाचं पाणी येतंय. पूर आला तरी नळ चालू राहणार, मग हे सगळं कशाला?

तांबडा_पांढरा

ती पण पंपावरच चालतीय रे, आणि पंप विजेवर. पुरात पहिल्यांदा काय जातं? लाइट.

मोल्डवाली

मी प्लास्टिकच्या धंद्यात १४ वर्षं आहे (ब्लो मोल्डिंग, कॅनच बनवतो आम्ही, पण कंपनीचं नाव सांगणार नाही नाहीतर जाहिरात म्हणाल) त्यामुळे त्या निळ्या ड्रमवर मला बोलायलाच पाहिजे.

एमआयडीसीतून स्वस्तात येणारा ड्रम हा नवा नसतो. त्यात आधी काहीतरी होतं. काय होतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण तो तीन भंगारवाल्यांकडून फिरून आलेला असतो. ॲसिड असेल, डाय असेल, साबणाचं लिक्विड असेल, नशीब चांगलं असेल तर आंब्याचा पल्प असेल. लोक म्हणतात सोड्याने धुतला, ऊन दिलं, वास गेला. हे प्लास्टिक काचेसारखं नसतं हो, ते आत शोषून घेतं आणि मग पाणी भरून ठेवलं की हळूहळू परत सोडतं. वास गेला म्हणजे माल गेला असं नाही. फवारणीच्या औषधाचे कॅन तर कितीही धुतले तरी नाहीच, ते गावाकडे धुऊन ताकाला वापरलेले मी स्वतः बघितलेत, अंगावर काटा येतो.

आता नवीन घेताना काय बघायचं. बुडाला त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पेट, कोल्ड्रिंकच्या बाटलीचं. २ म्हणजे एचडीपीई, दुधी किंवा निळा, जरा मेणचट हाताला लागतो तो, आणि साठवणीच्या कॅनला हाच सगळ्यात चांगला, पडला तरी फुटत नाही. ५ म्हणजे पीपी, डबे आणि झाकणं. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, हे पाण्यासाठी घेऊ नका. ७ म्हणजे "इतर", त्यात पॉलिकार्बोनेट येतं, तुमचे ते कडक पारदर्शक निळे २० लिटरचे जार बरेचदा याचे असतात, बीपीए या रसायनावरून जी चर्चा असते ती याचीच. हल्ली पेटचे पण जार येतात, बुडाला आकडा बघा.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. तो आकडा फक्त प्लास्टिक कुठलं ते सांगतो, खाण्यापिण्याला चालेल असं सांगत नाही. २ नंबरचाच माल फिनेलच्या कॅनला पण जातो आणि त्यात रिसायकल केलेला दाणा मिसळलेला असतो. म्हणून "फूड ग्रेड" असं लिहिलेलं किंवा पेला-काट्याची खूण असलेला, आणि रंगाने दुधी किंवा साफ एकसारखा असा कॅन घ्या. काळे, करडे, मळकट हिरवे कॅन म्हणजे भंगाराचा दाणा, स्वस्त का आहे ते तिथेच कळतं. झाकण उघडून नाक घाला, उग्र वास आला तर दुकानातच ठेवा. घरी आणल्यावर कोमट पाणी भरून एक रात्र ठेवायचं, सकाळी घोटभर तोंडात घेऊन बघायचं. ही काही लॅबची टेस्ट नाही पण वाईट माल पकडला जातो.

घडीची पिशवी: प्रवासाला ठीक. तिचे जोड गरम करून चिकटवलेले असतात आणि घडी जिथे पडते तिथेच ती दोन-तीन वर्षांत चिरते. टँकरवरून पाणी आणायला एक असू दे, साठवायला नको.

कोथरूडात_कोल्हापुरी

@मोल्डवाली खूप धन्यवाद, ड्रम कॅन्सल. बाबा नाराज आहेत, त्यांना मित्राला नाही म्हणायचं कसं हा प्रश्न आहे 😅 मी म्हटलं घ्या, आणि झाडांना वापरा. मग तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणाले झाडांना तरी कशाला.

घरी गोडेतेलाचे १५ लिटरचे प्लास्टिकचे कॅन आहेत सहा-सात, ते धुऊन चालतील का? खाण्याचंच होतं त्यात.

मोल्डवाली

प्लास्टिक म्हणून चालेल, तेल म्हणून नाही. गरम पाणी, सोडा, भांड्याचा साबण सगळं करून बघा, आटे आणि कडीच्या पोकळीत तेल राहतंच आणि महिनाभराने ते खवट होतं. मग त्या पाण्याचा चहा कुणी पीत नाही. वापरायच्या पाण्याला ठेवा. दुधाचं आणि फळांच्या रसाचं पण तेच, त्यात राहिलेल्या कणांवर जंतू वाढतात. सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या सव्वादोन लिटरच्या बाटल्या मात्र मस्त, जाड असतात, साखर धुऊन निघते, फुकट मिळतात. गणपतीत पाहुणे येऊन गेले की आमच्याकडे दहा-बारा जमतात.

नर्सबाई_गडहिंग्लज

भांडं कुठल्या प्लास्टिकचं यावर एवढं बोललात, पण माझ्या २२ वर्षांच्या नोकरीत प्लास्टिकने आजारी पडलेला पेशंट मी बघितला नाही, हाताने आजारी पडलेले शेकड्याने बघितलेत. साठवलेलं पाणी खराब होतं ते बरेचदा घरात. टाकीतून येतं चांगलं, मग पिंपात पेला बुडवतात, पेल्याबरोबर बोटं बुडतात, ती बोटं आत्ताच लहान पोराचं धुऊन आलेली असतात. म्हणून भांडं घेताना पहिल्यांदा तोंड बघा. हाताचा पंजा आत जाणार नाही एवढं लहान तोंड, आट्याचं झाकण, आणि खाली तोटी किंवा मग ओतून घ्यायचं. तुमच्या आईंचं स्टीलचं पिंप दिसायला छान, पण तोटी नसेल तर नकोच. आणि असेल तरी वरचं झाकण नुसतं ठेवायचं असतं, बसत नाही. त्यात जास्त क्लोरीनचं पाणी महिनोन्महिने ठेवलं तर स्टीलला पण बारीक डाग पडतात.

आता पाणी कुठलं भरायचं. इथे सगळे चुकतात. लोक प्युरिफायरचं पाणी भरून ठेवतात, की शुद्ध आहे म्हणून. अहो प्युरिफायर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. त्या पाण्यात मग राखणदार कुणी राहत नाही, भांड्यात थोडी जरी घाण असेल तरी ते आठवड्यात बिघडतं. उकळलेल्या पाण्याचं पण तेच, उकळल्यावर जंतू मेले पण नंतर पडणाऱ्याला अडवणार कोण. साठवायला सरळ नळाचं, क्लोरीनचा वास येतो तेच पाणी भरा. प्यायच्या वेळी मग गाळा, उकळा, काय करायचं ते करा. लग्नातले थंड पाण्याचे जार पण असेच, त्याच दिवशी प्यायचे असतात ते, साठवायचे नसतात.

औषध: मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या आणून ठेवा, बाटलीवर किंवा पाकिटावर जे प्रमाण आहे तेवढंच, टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गोळी किती लिटरची आहे ते नीट वाचा, वेगवेगळ्या येतात. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घरी आणून चिमटीने टाकू नका. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम असतं, म्हणजे १० लिटरच्या कॅनला किती ते तुम्हीच काढा, चिमटीत येतच नाही एवढं. आणि डबा उघडा राहिला की पावडरीचा दम जातो, मग कमी पडतं. आम्ही ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तपासायची) करून पिवळा रंग बघतो, घरी ते कोण करणार.

कॅन नवा असला तरी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर बिनवासाचं ब्लीच घालून ते आत सगळीकडे फिरवा, झाकणाला पण लावा, ओतून टाका आणि उपडा ठेवून वाळवा. बुरशी आट्यात होते, जुना टूथब्रश ठेवा त्याला.

आणि डेंग्यू! झाकण सैल असलेलं साठवणीचं पाणी म्हणजे त्या डासांचं माहेर. स्वच्छ पाणीच लागतं त्यांना. आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतो आम्ही ते यासाठीच. घट्ट झाकणाच्या कॅनला तो प्रश्न नाही, पण तुमच्या त्या वापरायच्या ड्रमला आहे. तो दर आठवड्याला रिकामा करून आतून घासा, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

आजोबा७२

आमच्या काळी तांब्याच्या घागरी आणि मातीचे माठ होते, प्लास्टिक नव्हते, आणि आम्ही ठणठणीत आहोत. तांब्यात जंतू मरतात हे आता शास्त्रज्ञही सांगतात. धागाकर्त्याची आजी बरोबर बोलत आहेत.

नर्सबाई_गडहिंग्लज

काका मरतात, खोटं नाही ते. रात्रभर ठेवलेलं तांब्यातलं पाणी सकाळी प्या, खुशाल. पण इथे विषय महिना-दोन महिने ठेवायचा आहे. तेवढे दिवस तांब्यात ठेवलं तर पाण्यात तांबं उतरत राहतं, क्लोरीन असेल तर अजून लवकर, मग मळमळ होते. आणि घासायला चिंच लागते दर चार दिवसांनी, पुरात चिंच कुठून आणणार. माठ तर पाझरतो म्हणूनच गार करतो, पंधरा दिवसांत अर्धा होईल. कॅनमधून काढून रोज एक हंडा भरा, आजीही खूश.

आजोबा७२

हे पटले. घासायला राख चालते पण.

लातूरची_लेक

तुमची चर्चा वाचून हसू पण येतंय आणि कसंतरी पण होतंय. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळ यायचा, २०१६ ला तर तोही गेला आणि रेल्वेने पाणी आलं. एप्रिलच्या १२ तारखेला पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. आलं कुठून माहितीये ना, मिरजेहून. म्हणजे तुमच्याच कृष्णेचं पाणी आम्ही प्यायलोय, तेव्हा आता तुम्हाला दोन शब्द सांगायचा हक्क आहे 🙂

आमच्याकडे साठवण म्हणजे आणीबाणी नसते, तो रोजचा संसार आहे. प्रत्येक घरात निळी बॅरलं, टाक्या, घागरी, कळशा, तपेली, अगदी मुलांची वॉटरबॅग सुद्धा भरून ठेवायची. त्यातून शिकलेलं:

बारीक तोंडाचे कॅन चांगलेच, पण टँकर आला की त्याचा पाइप मनगटाएवढा असतो आणि तो धरणारा माणूस घाईत असतो, तो काय तुमच्या दोन इंची तोंडात नेम धरत बसत नाही. निम्मं पाणी रस्त्यावर. म्हणून आणायचं भांडं वेगळं आणि साठवायचं वेगळं. टँकरपाशी घागर किंवा रुंद बादली न्यायची, घरी आल्यावर मोठं नरसाळं लावून, त्यावर धुतलेलं सुती फडकं चौपदरी घालून कॅनमध्ये ओतायचं. नरसाळं आत्ताच घेऊन ठेवा, त्या आठवड्यात गावात एक मिळत नाही. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून तासभर ठेवायचं आणि वरचं वरचं घ्यायचं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, औषध वेगळं टाकायचंच.

प्रत्येक कॅनवर भरल्याची तारीख टाका. आमची आई झाकणाला धागा बांधायची, लाल म्हणजे या वेळचं, पांढरा म्हणजे मागचं. आधी जुनं संपवायचं हा घरचा कायदा. मी लहानपणी एकदा लाल धाग्याचं पाणी आधी काढलं म्हणून बोलणी खाल्लीत.

सैतामाकर

जपानमध्ये राहतो, टोकियोच्या शेजारी. इथे भूकंपासाठी घरोघरी हेच करतात, सरकार सांगतं माणशी दिवसाला ३ लिटर, कमीत कमी तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं. माझ्या बायकोला इथल्या शेजारणीने शिकवलेली पद्धत म्हणजे आणीबाणीचं वेगळं पाणी असं ठेवायचंच नाही, रोज त्यातलंच वापरायचं आणि वापरलं तेवढं मागून भरायचं. लाल धाग्याचा कायदाच. याने एक होतं की तोटी गळते का, झाकण बसतं का हे पूर आल्यावर नाही तर रोज कळतं.

अजून एक, आमच्या भागात रॉकेलचे कॅन लाल आणि पाण्याचे पांढरे असतात, चूक व्हायला जागाच नाही. तुमच्याकडे घरात डिझेलचा, फिनेलचा कॅन असेल तर तो वेगळ्या आकाराचाच असू दे. अंधारात मेणबत्तीच्या उजेडात सगळे कॅन सारखे दिसतात.

मोल्डवाली

+१. आणि शेजारी पण ठेवू नका. एचडीपीईमधून पाणी बाहेर येत नाही पण पेट्रोल, रॉकेल, डांबरगोळ्यांचा वास आत जातो. आमच्या नणंदेने माळ्यावर स्वेटरच्या ट्रंकेशेजारी कॅन ठेवले होते, दोन महिन्यांनी पाण्याला डांबरगोळीची चव. सगळं बागेत ओतलं.

उगाच_काहीतरी

गच्चीवर ५०० लिटरची टाकी आहे ना प्रत्येकाच्या? तेच पाणी वापरा की, एवढे कॅन कशाला.

तांबडा_पांढरा

आहे की. २०१९ ला आमच्या वरच्या टाकीत पाणी होतं, घरातल्यांनी नेहमीसारख्या आंघोळी केल्या, मशीन लावलं, दुसऱ्या दिवशी दुपारी टाकीचा तळ दिसला आणि तळाला चार बोटं गाळ. टाकी असेल तर बातमी आल्याबरोबर संडास-बाथरूमची लाइन वरनं वाल्व्हने बंद करायची. आणि खाली जमिनीत हौद असेल, त्यात पुराचं पाणी शिरलं असेल, तर मोटर चालू करायची नाही, नाहीतर वरचं चांगलं पाणी पण गेलं. आमच्या शेजाऱ्यांनी केलं होतं ते. नाव घेत नाही, रोज चहाला भेटतात.

आणि उंदीर. पूर आला की घुशी-उंदीर सगळे वरच्या मजल्यावर राहायला येतात, तुझ्यासारखंच. प्लास्टिक कुरतडतात. कॅन भिंतीला टेकवून कोपऱ्यात नको, टेबलावर किंवा कॉटवर ठेव.

कोथरूडात_कोल्हापुरी

अपडेट. शनिवार-रविवार घरी जाऊन आलो. दुधी रंगाचे, २ नंबर, फूड ग्रेड लिहिलेले १० लिटरचे ८ कॅन घेतले, त्यातला एक तोटीवाला. दुकानदार म्हणाला सगळेच तोटीवाले घ्या, पण आठ तोट्या म्हणजे आठ गळायच्या जागा, म्हणून एकच घेतला, तो ओट्यावर राहणार आणि बाकीच्यांतून त्यात ओतायचं. शिवाय कोल्ड्रिंकच्या ६ बाटल्या. घरातल्या सगळ्यांना कॅन उचलायला लावले. आई एका हातात एक घेऊन जिना चढली. बाबांना मनाई केली तर त्यांनी चिडून दोन उचलले. आजीने ५ लिटरचा का नाही आणला विचारलं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं, तिला रात्री एकटीला पाणी घ्यायचं झालं तर १० लिटर तिरपा करता येत नाही. तिच्या खोलीत बाटल्या ठेवल्या.

वरच्या मजल्यावर माझ्या जुन्या खोलीत, कॉटखाली, ऊन येत नाही तिथे ओळीने लावलेत. (कॉटवर नाही @तांबडा_पांढरा, कॉटवर आई वाळवणं ठेवते, त्यावर वाद घालायची माझी हिंमत नाही. खाली विटांवर फळी टाकलीय.) धागे बांधलेत, आईला ती आयडिया एवढी आवडली की आता तिखटाच्या बरण्यांना पण बांधलेत. स्टीलचं पिंप पण आलंच, वापरायच्या पाण्याला, कारण आईने ते आधीच बघून ठेवलं होतं.

एकच प्रॉब्लेम, तोटीचा कॅन थेंब-थेंब गळतोय. तोटी घट्ट आवळली तर जास्तच गळते. बदलून आणू का?

मोल्डवाली

आवळू नका अजून, आटे जातील. तोटी काढा, वॉशर बघा, बहुतेक दोन्ही वॉशर आतल्या बाजूला घातले असतील किंवा एक दुमडला असेल. रबरी वॉशर एक आतून, एक बाहेरून, आणि नट आतल्या बाजूने हातानेच फिरवायचा, पाना नको. भोकाच्या कडेला प्लास्टिकचा कंगोरा राहिला असेल तर ब्लेडने हलकेच तासा. तरी गळला तर वॉशर जाड घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळेल, येताना दोन जास्तीचे आणा.

कोथरूडात_कोल्हापुरी

दोन्ही आतून होते 🤦 बाबांनी व्हिडिओ कॉलवर बसवलं, रात्रभर खाली ताट ठेवलं होतं, सकाळी कोरडं. आता ते शेजारच्यांच्या तोट्या तपासायला गेलेत.